फोन बटणांचा की काचेचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. वय ७८, मधुमेह २० वर्षांचा आणि घरात त्या एकट्याच. फोन हाताशी होता, तरीही मुलाला तो लागेपर्यंत पाऊण तास गेला. सुदैवाने हाड मोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तपासायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी बोट फिरवत होते हो, पण ही काच माझं ऐकतच नव्हती."

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. बटणांचा जुना फोन बाजूला ठेवून टचस्क्रीनचा घ्या, म्हणजे परगावची नातवंडे डोळ्यांना दिसतील, असा सल्ला मीच त्यांना दिला होता. पुढे त्यांनी 'काच ऐकत नाही' अशी तक्रारही केली होती. 'होईल सवय' म्हणून मी ती हसण्यावारी नेली. रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेणे हा वैद्यकाचा पहिला धर्म. तिथेच मी चुकलो होतो.

काच का ऐकत नाही, याचे उत्तर त्वचेत आहे. आजच्या फोनच्या काचेखाली अतिशय सूक्ष्म विद्युत्क्षेत्र असते. बोट टेकताच त्यात होणारा बदल फोन टिपतो. त्यासाठी त्वचेत थोडा ओलावा लागतो. वयोमानाने बोटांची टोके कोरडी पडतात, तर आयुष्यभर धुणीभांडी किंवा शेतीकाम केलेल्या हातांची त्वचा जाड झालेली असते. असा स्पर्श काचेला कधीकधी जाणवतच नाही. उलट बोटे किंवा काच ओली असेल, तर पाण्याचे थेंबच तिची दिशाभूल करतात. हात कापत असेल, तर एका स्पर्शाचे दोन होतात. दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदनाही मंदावू शकते.

बटणाचे तसे नाही. ते दाबले गेल्याचे बोटाला कळते. अंकांच्या बटणांवर ५ या आकड्यापाशी एक बारीकसा उंचवटा असतो. तो चाचपला की उरलेले सारे आकडे अंधारातही सापडतात. बटणांवर बोट डोळ्याचे काम करते, काचेवर मात्र डोळ्यालाच बोटाचे काम करावे लागते. म्हणूनच काचेवर टंकलेखन करताना नजर हटत नाही, मान खाली झुकलेली राहते आणि पापण्या कमी लवतात. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण ५ किलो असते. मान जितकी पुढे वाकेल, तितका तिच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. संध्याकाळी मान दुखणे आणि डोळे चुरचुरणे यांचे एक कारण येथे सापडते.

मग बटणेच निर्दोष मानावीत काय? तसेही नाही. इवल्या बटणांच्या ब्लॅकबेरी फोनच्या काळात अंगठेदुखीला 'ब्लॅकबेरी थंब' असे नावच पडले होते. अंगठा उचलणाऱ्या कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. अतिवापराने तेथे सूज येते. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये, म्हणजे मोबाइलच्या कितीतरी आधी, या विकाराचे वर्णन केले होते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्येही तो आढळतो. काचेवर बोटाला जोर कमी लावावा लागतो हे खरे, पण मोठा फोन एका हातात तोलून त्याच हाताचा अंगठा दूरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला, तर सुटका नाही.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीच्या बाजूला वाकवून पाहावे. तीव्र कळ आली, तर डॉक्टरांना दाखवावे. वेळीच विश्रांती आणि मनगटपट्टा मिळाल्यास पुष्कळांना आराम पडतो. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बोट वाकून अडकत असेल, तरी अंगावर काढू नये.

फोन वापरताना तो एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या तर्जनीने लिहावे. फोन नजरेच्या जवळ उचलावा. मजकूर लांबलचक असेल, तर तो मराठीत बोलून लिहवून घ्यावा किंवा सरळ फोन करावा. घरातील ज्येष्ठांच्या फोनमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या विभागात जाऊन अक्षरे मोठी करावीत आणि स्पर्शाचा कालावधी त्यांच्या हाताला जुळेल असा ठेवावा. मुलांचे क्रमांक छायाचित्रांसह पहिल्याच पडद्यावर आणावेत. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. सारे करूनही काच साथ देत नसेल, तर बटणांचा फोन जवळ ठेवण्यात कमीपणा कसला?

आजींकडे आता दोन फोन आहेत. नातवंडांना पाहण्यासाठी काचेचा फोन टेबलावर उभा असतो. बटणांचा जुना फोन कापडी पिशवीत घालून त्या गळ्यात बाळगतात, न्हाणीघरात जातानाही. मुलाचा क्रमांक त्यांनी मला डोळे मिटून लावून दाखवला. फोन कोणता चांगला, हे दुकानात ठरत नाही. ज्याच्या हातात तो द्यायचा, त्याची बोटे पाहून ते ठरवावे. आणि घरातील कोणी 'हा फोन माझं ऐकत नाही' म्हणाले, तर निदान आपण तरी त्यांचे ऐकावे.