गंधाच्या वाटेवरचा नवरदेव

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, डाउन या गावी, १८५४ च्या सप्टेंबरात चार्ल्स डार्विनला आपल्या बागेत एक गंमत दिसली. बंबल बी या केसाळ, गुबगुबीत माशीचे नर एकामागून एक येत, ठराविक जागी क्षणभर गुणगुणत आणि पुढच्या जागी जात. त्यांचा मार्ग शोधायला डार्विनने मुलांनाच कामाला लावले. प्रत्येकाने एकेका थांब्याजवळ उभे राहायचे आणि माशी आली, की ओरडायचे! पुढच्या वर्षी नवे नरही त्याच जागी येत. हे त्यांना कोण शिकवते, हे कोडे मात्र डार्विनला सुटले नाही.

बरेचसे उत्तर नराच्या डोक्यातच दडले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी या गंधाचा कसून अभ्यास केला. नराच्या डोक्यातील ग्रंथींत सुगंधी द्रव तयार होतो. सकाळी पाने, फांद्या, बुंधे यांना तो हा द्रव लावतो आणि मग दिवसभर त्या वाटेवर फेऱ्या घालतो. गंध ओळखून राणी तिथे यावी, एवढीच त्याची आस!

प्रत्येक जातीचे अत्तर वेगळे. कुणाची वाट जमिनीलगत, तर कुणाची झाडाच्या शेंड्यावर. त्यामुळे राणीची सहसा चूक होत नाही.

या नराला नांगी नसते. घरटे सोडले, की तो बहुधा परतत नाही. रात्र एखाद्या फुलावर काढतो. अनेकांना राणी कधी भेटतच नाही. भेटलीच, तर युरोपातील बॉम्बस टेरेस्ट्रिस जातीचा नर मीलनानंतर तिच्या शरीरात चिकट बूच बसवतो. त्यातील लिनोलिक आम्लामुळे तिची पुन्हा मीलनाची इच्छा मावळते, असे २००१ मध्ये दिसून आले.

भारतात बंबल बी आढळतात त्या मुख्यतः हिमालयाच्या थंड पट्ट्यात. आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा त्याच कुळातला, पण निराळ्या जातीचा.

थंडी पडण्यापूर्वी नर मरून जातो. राणी मात्र त्याचे बीज पोटात जपून जमिनीखाली झोपते आणि वसंतात एकटीच नवा संसार मांडते. फळलेल्या अंड्यांतून माद्या जन्मतात, न फळलेल्यांतून नर. म्हणजे या नवरदेवाला मुलगा कधीच होत नाही. त्याचा वंश चालवतात, त्या लेकीच!