हाकेवरून पडलेले नाव

आरे कॉलनीतील पाड्यांवर ‘काल रात्री वाघ आला होता’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनात ठिपक्यांचा बिबट्या असतो. वारली बांधवांच्या वाघोबा या देवतेतही पट्टेरी वाघ आणि बिबट्या हे दोन्ही प्राणी सामावलेले आहेत. पट्टेरी वाघ साष्टीच्या मोकळ्या रानातून केव्हाच नाहीसा झाला. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात तो आता कुंपणाआडच दिसतो. शब्द तेवढा मागे राहिला.

दोन प्राण्यांना एकच नाव असले की त्यांतील एक गेल्याचे कळतही नाही. दक्षिण आफ्रिकेतील क्वागाच्या बाबतीत नेमके हेच घडले. हा झेब्र्याचाच एक प्रकार. मान आणि पुढचा भाग पट्ट्यांचा, मागचा साधा तपकिरी. त्याची हाक ‘क्वा-हा-हा’ अशी ऐकू येई. तिच्यावरूनच तेथील खोईखोई लोकांनी त्यास हे नाव दिले. टिटवी आणि कावळा ही आपली नावेही अशीच आवाजावरून पडलेली.

युरोपीय वसाहतवाल्यांना मेंढ्यांच्या कुरणात क्वागा नको होता. त्यांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार केली. त्या कातड्याची धान्य भरण्याची पोतीही शिवली जात. धान्याच्या पेढीवर वाढलेल्या वाचकांस हे वाचून वाईट वाटेल. गोणपाटाचे काम जीव घेऊन भागवले गेले.

रानातील अखेरचा क्वागा १८७८च्या सुमारास संपला. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील मादी मरण पावली. ती जगातील शेवटची होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. संग्रहालयाने चक्क दुसरा क्वागा मागवला! केप वसाहतीत सर्वच झेब्र्यांना ‘क्वागा’ म्हणत. त्यामुळे आत कुठेतरी तो असेलच, असे शिकाऱ्यांना वाटत राहिले.

१९८४ साली जतन केलेल्या कातड्यातून त्याचा डीएनए मिळवण्यात आला. नामशेष प्राण्याच्या बाबतीत असे प्रथमच घडले. तो मैदानी झेब्र्याचीच उपजाती असल्याचे पुढे निश्चित झाले. १९८७ पासून राइनहोल्ड राऊ यांच्या प्रकल्पात निवडक झेब्र्यांपासून कमी पट्ट्यांची प्रजा वाढवली जात आहे. ते रूप क्वागाचे. मूळ वंश मात्र परत आलेला नाही.

आरेत आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी बिबट्यांची नोंद होते. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी निराळी असल्याने एकेक प्राणी ओळखता येतो. पाड्यांवर मात्र तो आजही वाघच आहे.