मागून येणाऱ्यासाठीं लिहिणें



पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी लिपींतील कागदांची मोठी रास जतन करून ठेविलेली आहे. कागद टिकले, शाईही टिकली. परंतु तें अक्षर वाचणारा माणूस दुर्मिळ झाला, आणि पुष्कळसा मजकूर मुका होऊन बसला. संगणकासाठीं लिहिलेल्या आज्ञावलीचीही हीच गति होते, आणि तीही पिढ्या उलटण्याची वाट न पाहतां! ती टाळावी कशी, हें एका उदाहरणानें पाहूं.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या साधनास एडिटर म्हणतात. ईमॅक्स हा त्यांपैकीं एक जुना व नामांकित एडिटर होय. त्याचा उगम १९७६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. लिस्प भाषेंत लिहिलेल्या आज्ञावली जोडून त्याच्या अंगीं नवे गुण आणतां येतात. अशा जोडणीस पॅकेज म्हणतात. २०२३ सालच्या एकोणतिसाव्या आवृत्तींत तर मोडी लिहिण्याचीही सोय झाली आहे.

हीं पॅकेजें लिहिणारे लोक जगभर विखुरलेले, एकमेकांस कधीं न भेटलेले असे असतात. म्हणून ईमॅक्सच्या मार्गदर्शक ग्रंथांत लेखनाचे कांहीं संकेत घालून दिले आहेत.

पहिला संकेत नांवाचा. ढाणकीच्या बाजारांत नुसती 'रामा' अशी हांक मारली, तर चौघे मागें वळतील. आडनांव जोडलें म्हणजे एकच थांबेल. ईमॅक्समध्यें सर्व पॅकेजांचीं नांवें एकाच चव्हाट्यावर नांदतात. दोघांनीं 'शोध' याच नांवाचें कार्य लिहिलें, तर मागून आलेलें पहिल्यास निमूटपणें पुसून टाकतें, आणि बिघाड कोठें झाला हें उमगत नाहीं. म्हणून प्रत्येक नांवाच्या आरंभीं पॅकेजाचें नांव लावावें. मोडी शब्दांचा कोश रचावयाचा असल्यास 'मोडीकोश-शोध' असें लिहावें. जें कार्य केवळ आंतल्या वापराचें असेल, त्यांत दोन आडव्या रेघा घालाव्या, जसें, 'मोडीकोश--पान'. त्या दोन रेघा म्हणजे माजघराचा उंबरठा होय. परक्यानें तो ओलांडला नाहीं, तर घरधन्यास आंतील मांडणी निर्धास्तपणें बदलतां येते.

दुसरा संकेत मर्यादेचा. पॅकेज नुसतें दाखल झाल्यानें एडिटरची वागणूक बदलतां कामा नये. ज्यास तें हवें असेल त्यानें आज्ञा देऊन चालू करावें. तसेंच कंट्रोल व सी या कळा एकदम दाबून पुढें एखादें अक्षर दाबण्याची जागा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या आज्ञांसाठीं राखून ठेविलेली आहे. पॅकेजकर्त्यानें ती बळकावूं नये. पाहुण्यानें यजमानाच्या घरांतील भांडीं हलवूं नयेत, तशांतलाच हा प्रकार.

तिसरा संकेत खुलाशाचा. प्रत्येक कार्याबरोबर तें काय करतें हें सांगणारा खुलासा लिहावा, आणि त्याची पहिली ओळ हें एक पूर्ण वाक्य असावें. कारण शोधयादींत तेवढीच ओळ दिसते. आज्ञांच्या शेजारीं टिपणें लिहावयाचीं, तीं 'काय केलें' याचीं नव्हेत, तर 'असें कां केलें' याचीं असावींत. काय केलें तें आज्ञाच सांगते. कां केलें तें फक्त लिहिणाऱ्यास ठाऊक असतें, आणि तो उद्यां जवळ असेलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, "माझें पॅकेज मीच वापरणार, मला या शिस्तीचें काय काम?" त्यानें सहा महिन्यांनीं आपलीच फाइल उघडून पाहावी. स्वतःचें लिखाण परक्याच्या हातचें वाटूं लागेल! यंत्रास 'क' म्हटलें काय नि 'मोडीकोश-शोध' म्हटलें काय, सारखेंच. हे संकेत मुख्यतः माणसांसाठीं आहेत.

मोडी लिहिणारे कारकून चुकले नव्हते. त्यांच्या काळीं वाचणारे पुष्कळ होते. आपणांस मात्र आधींच ठाऊक आहे कीं, आपला वाचक अनोळखी असणार. त्याच्यासाठीं दोन शब्द अधिक लिहिणें हा शेजारधर्मच होय.