धानाच्या पानावर थांबत नाही तो थेंब

भादव्यात कामठ्याच्या शिवारात धान पोटरीवर यायला लागलं की बांध्यांमधून फवारणी पंपांचा आवाज सुरू होतो. धुऱ्यावर औषध कालवताना शेवटी झाकणभर स्टिकर नावाचं द्रव पडतंच. ते कशाला, असं विचारलं तेव्हा शेतकरी भाऊ म्हणाले, "नाही टाकलं तर पानावर थांबतच नाही जी." आणि दुसऱ्या पंपातून नुसतं पाणी मारून दाखवलं.

नोझलमधून निघालेला पाण्याचा पातळ पडदा लगेच फाटून त्याचे थेंब झाले. ते पानावर पडले, मण्यांसारखे गोल झाले आणि पानाच्या लांबीने घरंगळत बांधीत गेले. पान कोरडंच राहिलं.

पाण्याच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारं कुणी नसतं. त्यामुळे पाणी आपला पृष्ठभाग होईल तितका कमी ठेवतं, आणि सर्वांत कमी पृष्ठभाग गोलाचा. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, म्हणजे बऱ्याच द्रवांपेक्षा पुष्कळ जास्त. त्यात धानाच्या पानावर मेण आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे. थेंब उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते. हे उंचवटे पानाच्या लांबीने रांगेत असतात, म्हणून थेंब आडवा जाण्यापेक्षा लांबीने सहज निसटतो.

स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जुळतं, दुसरं मेणाशी. पृष्ठताण उतरतो, थेंब चपटा होऊन पसरतो आणि पान भिजतं. माप मात्र सांभाळावं लागतं. जास्त झालं तर पसरलेले थेंब एकमेकांत मिसळून ओघळतात, आणि औषध पुन्हा मातीतच.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की फवारणी करणाऱ्याला अडवणारा हा गुण धानाला मात्र जगवतो. पुरात रोप बुडालं तर पानावर पांढरी चकाकी दिसते. ती उंचवट्यांत अडकलेली हवेची झिल्ली. तिच्यामुळे पाण्याखालीही पानाला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मिळवणं सोपं जातं. संशोधकांनी पाण्यात साबणासारखं द्रव्य अगदी थोडं मिसळून पानावर लावलं आणि ही झिल्ली काढली, तेव्हा बुडालेल्या पानांचं प्रकाशसंश्लेषण घटलं. म्हणजे स्टिकर जे करतं, तेच. पुराची चाहूल असताना फवारणी नको, असं मला वाटतं ते एवढ्यासाठीच. शिवाय औषध धुऊन जातं ते वेगळंच.

बांधीच्या पाण्यावर पाय न बुडवता धावणारे बारीक किडेही पृष्ठताणावरच उभे असतात. बुंध्यावरून पाण्यात पडलेले तुडतुडे ते खातात. तुडतुड्यांसाठी फवारायचं असेल तर भाऊ आधी बांधीतलं पाणी काढतात आणि नोझल पानांवर न धरता बुंध्याकडे धरतात, कारण तुडतुडे तिथेच बसलेले असतात.