पहिलंच विणकाम? मग जाड ब्लँकेटच विणा!

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. आठवीत असताना शिवणाच्या तासाला आम्हाला एक मफलर विणून द्यायचा होता. माझा मफलर माझ्या आईने विणला आणि मला त्याबद्दल दहापैकी नऊ गुण मिळाले! पुढे बी. ए. झाले, लग्न होऊन तुमसरला आले, आता आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवायलाही जाते. पण पस्तिशी आली तरी सुलट टाका कशाला म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

सासूबाई मात्र या कामात वाकबगार. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्यांनी विणलेला स्वेटर चढलेला. गेल्या दिवाळीत अंगणात पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नाही. इकडची थंडी विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आमच्याकडेही दात वाजत होते. जानेवारीत एका पहाटे मी सहज त्यांच्या खोलीत डोकावले, तर कापसाची जड दुलई खाली घसरलेली आणि त्या अंगाचं मुटकुळं करून पडलेल्या. एका हाताने दुलई ओढवत नव्हती आणि कुणाची झोप मोडायची नाही म्हणून हाकही मारली नव्हती. असं किती रात्री चाललं होतं कोण जाणे!

बाजारातून एक गुळगुळीत ब्लँकेट आणलं, तर ते दुलईच्याही आधी घसरायचं. हवं होतं हलकं, ऊबदार आणि बोटांत धरता येईल असं पांघरूण. म्हणजे हातविणीचंच. पण विणणारा हात तर अधू झालेला. मग म्हटलं, आपणच शिकू या.

शिकणारीने आधी मोजे, टोपी विणावी असं पुष्कळजणी सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. मोज्याला टाच लागते, स्वेटरला गळा आणि बाह्या लागतात, माप चुकलं की सगळी मेहनत वाया. ब्लँकेट कुणाच्या अंगाला नेमकं बसायचं नसतं. बोटभर लहानमोठं झालं तरी बिघडत नाही. एकच सुलट टाका आला की पुरे, आणि लोकर जाड असली की काम भराभर वाढतं. वाढलेलं दिसलं की उत्साहही टिकतो.

साहित्य कुठून आणावं?

आमच्या बाजारात सुतळीसारखी जाड लोकर मिळत नाही. लहान गावात बहुतेक ठिकाणी हीच अडचण असेल. त्यावर सासूबाईंनी सोपा उपाय सांगितला: साधीच लोकर तीनपदरी घ्यावी. तीन गुंडे टोपलीत ठेवून तिन्ही धागे एकत्र धरायचे, की झाली जाड लोकर. एक धागा सगळीकडे एकाच रंगाचा, समजा राखाडी ठेवावा आणि बाकीचे दोन हवे तसे बदलावेत. उरलीसुरली लोकर खपते, रंग मिसळून छान छटा येते आणि नवशिकीच्या चुकाही लपतात, बरं का!

लोकर आली कुठून म्हणाल, तर सासूबाईंच्या पेटीतून. मुलांचे लहानपणीचे स्वेटर तिथे घडी घालून ठेवलेले होते. पूर्वी थंडी आली की घरोघर सुया निघत. आता लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त मिळतात. १९७२ पासून गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. तेव्हा तो भाग आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून गोंदियात गेला. थंडीत स्वेटर विकणारे तिबेटी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. तयार स्वेटर घेण्यात वाईट काही नाही, पण घरातल्या सुया गंजल्या हेही खरं.

पेटीच्या तळाशी मामंजींचा हिरवा स्वेटर होता, कोपरांवर विरलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली. तो मी मुकाट्याने बाजूला ठेवला. सासूबाईंनी तो पुन्हा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “आता तो घालनार कोन हाय? उसव तो. कोनाच्या अंगावर तं राहील.”

हाताने विणलेलेच स्वेटर उसवावेत. यंत्रावरचे बरेच स्वेटर कापड कापून शिवलेले असतात, त्यांचे तुकडेच निघतात. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवावी आणि सावलीत टांगावी. खाली एखादं हलकं वजन अडकवलं, की धाग्याचे पीळ सरळ होतात. मग गुंडे करावेत. हे काम डाव्या हाताने का होईना, पण सासूबाईंनी आवडीने केलं.

लोकर खरी की कृत्रिम हे ओळखायचं असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. म्हणून कृत्रिम लोकरीचं पांघरूण घेऊन शेकोटीजवळ कधीही बसू नये.

सुया मात्र जाड हव्यात. आपल्याकडच्या सुयांच्या जुन्या इंग्रजी नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची, तर शून्य नंबरची ८ मिलिमीटरची. आपल्याला शून्य नंबर हवा. तो इथे मिळाला नाही, तेव्हा मी बुरडाकडून बांबूच्या दोन काड्या पेन्सिलीपेक्षा किंचित जाड तासून घेतल्या. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या आणि एका टोकाला रबर गुंडाळलं, म्हणजे टाके मागून निसटत नाहीत.

कृती

सगळी रुंदी एकदम विणायला गेलात तर सुईवर टाक्यांची गर्दी होते आणि हात भरून येतात. त्यापेक्षा तीन पट्ट्या विणाव्यात आणि जोडाव्यात. ९० सेंटिमीटर रुंद, १२० सेंटिमीटर लांब असं बसल्या-निजल्या घ्यायचं ब्लँकेट होतं. लोकर साधारण एक किलो लागते.

आधी १० टाक्यांचा लहान नमुना विणून मोजावा. माझे १० टाके १० सेंटिमीटर भरले, म्हणून एका पट्टीला ३० टाके घेतले. तुमचा हात घट्ट असेल तर दोन-तीन टाके वाढवा.

सुरुवातीला सरकगाठ मारून ती डाव्या सुईवर घ्यावी. उजवी सुई त्या टाक्यात समोरून मागे घालावी, मागची लोकर सुईवरून घ्यावी आणि तो वेढा टाक्यातून पुढे ओढावा. हा नवा टाका डाव्या सुईवर चढवावा. असे ३० टाके घालावेत. सुलट टाका म्हणजे हेच, फक्त त्यात नवा टाका उजव्या सुईवरच ठेवायचा आणि डावीवरचा जुना सोडून द्यायचा. थोडक्यात, टाके घालता घालताच निम्मं शिकून होतं!

प्रत्येक ओळ सुलटच विणावी. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर कडा गुंडाळतात. नुसतं सुलट विणलं की कापड सपाट राहतं आणि दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. दोन ओळींची मिळून एक उंच धार दिसते. अशा १२० धारी झाल्या की साधारण १२० सेंटिमीटर लांबी भरते. पट्टी ताणली जाते, म्हणून लांबी टेपने न मोजता धारी मोजाव्यात. तिन्ही पट्ट्यांच्या धारी सारख्या असल्या म्हणजे झालं.

शेवटी दोन टाके विणावेत, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडावा, पुन्हा एक विणावा, पुन्हा सोडावा. असे टाके सैल हाताने बंद करावेत.

माझ्या चुका, तुमचा फायदा

माझी पहिली पट्टी खाली ३० टाक्यांची आणि वर ३७ टाक्यांची झाली! ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणतो. म्हणून दर पाच धारींनी टाके मोजावेत. दुसरी चूक म्हणजे तीन पदरांतला एखादा पदर सुईत न येणं. टाका सोडण्याआधी तिन्ही आले का ते बघावं. टाका निसटला तर घाबरू नये, त्यात लगेच सेफ्टी पिन अडकवावी आणि मग क्रोशाच्या सुईने वर आणावा. धागा संपला तर नवा कडेलाच जोडावा आणि चार बोटं शेपूट ठेवून ती नंतर ओवून टाकावी. तिन्ही धागे एकाच ओळीत बदलू नयेत, तिथे गाठोडं होतं.

ती वेडीवाकडी पट्टी सासूबाईंनी पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या, “उसव.” उसवायला विणण्यापेक्षा जास्त धीर लागतो. पण दुसऱ्यांदा निम्म्या वेळात झाली.

जोडणी आणि निगा

पट्ट्या सपाट अंथरून कडेला कड भिडवावी आणि एकपदरी लोकरीने एकदा इकडची, एकदा तिकडची गाठ उचलत शिवावं. आमचं गाव धानाचं, त्यामुळे पोती शिवायचा दाभण घरात होताच. टोक जरा बोथट करून तोच वापरला. ओढून शिवू नये, शिवण आखडते.

लोकर गरम पाण्यात धुतली, चोळली की आटते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून नुसतं दाबावं, पिळू नये, चादरीवर पसरून सावलीत वाळवावं. दोरीवर टांगलं तर स्वतःच्याच वजनाने लोंबतं. आणखी एक सांगायलाच हवं: वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत असं सैल पांघरूण टाकू नये. ते तोंडावर येऊ शकतं, बोटं टाक्यांत अडकतात.

रोज तासभर बसूनही माझं ब्लँकेट पुरं व्हायला होळी तोंडावर आली. आमचे हे म्हणाले, “आता उन्हाळ्यात घेणार का?” पण भर पावसाळ्यात, एका गार रात्री मी सासूबाईंच्या खोलीत डोकावले, तेव्हा त्यांनी झोपेतच डाव्या हाताची बोटं टाक्यांत रुतवून ब्लँकेट खांद्यापर्यंत ओढून घेतलं. मामंजींचा हिरवा पदर मधल्या पट्टीत आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही माझ्यासारखा उशीर करू नका. दसऱ्याला टाके घातलेत तर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, थंडी पडायच्या आत, ब्लँकेट तयार होईल. आणि हो, पहिली पट्टी बिघडली तर खुशाल उसवा!