तारा ब्रोच व हंटरस्टन ब्रोच : नांव आणि प्रमाण

जुन्या वस्तूस चिकटलेलें नांव तिच्या उत्पत्तीचें प्रमाण मानावें कीं काय, हा प्रश्न पोथ्या व कागदपत्रें जमविणारांस नवा नाहीं. आयर्लंड व स्कॉटलंड येथील रुप्याच्या जुन्या अलंकारांवरून त्याचा चांगला उलगडा होतो.

ब्रोच म्हणजे अंगावरील प्रावरण अडकविण्याचें, लांब टांचणी जोडलेलें कडें. यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध ‘तारा ब्रोच’ होय. तो इ. स. १८५० मध्यें मीथ परगण्यांत बेटिस्टाउन येथें समुद्रकांठीं सांपडला. आयर्लंडच्या प्राचीन राजांचें पीठ जें तारा, त्याच्याशीं या ब्रोचाचा कांहींएक संबंध नाहीं. डब्लिनचा जवाहिऱ्या जॉर्ज वॉटरहाउस यानें तो विकत घेऊन त्याच्या प्रतिकृति विकावयास काढल्या आणि गिऱ्हाइकांस भुरळ पडावी म्हणून हें राजस नांव ठेविलें. मूळ ब्रोच आतां डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. जवाहिऱ्याचें नांव मात्र सुटलें नाहीं.

ब्रोचाची घडण इ. स. ७०० च्या सुमाराची आहे. कडें रुप्याचें, ओतींव व सोन्याच्या मुलाम्याचें असून त्यावरील कप्प्यांत सोन्याच्या बारीक तारेचें काम, कांच, मीना व तृणमणि बसविले आहेत. मागील बाजूही नक्षीनें भरलेली आहे. त्या काळचे कारागीर आधीं नमुना करीत, मातीच्या दोन तुकड्यांत त्याचा ठसा घेत, माती वाळवून भाजीत व तींत वितळलेली धातु ओतीत. अशा सांच्यांचे तुकडे स्कॉटलंडांतील डनाड येथें उत्खननांत मिळाले आहेत. नक्षींतील गुंतलेलीं जनावरें जर्मानिक कलेच्या संसर्गानें आलेलीं आहेत. तेव्हां ‘केल्टिक’ हें विशेषणही जपूनच वापरावें लागतें.

ब्रोचास रुप्याच्या तारेची विणलेली सांखळी आहे. अशा विणीस इंग्रज पुराणवस्तुशोधक ‘त्रिचनापल्ली’ म्हणत, कारण त्या शहरच्या सांखळ्या एकोणिसाव्या शतकांत त्यांच्या परिचयाच्या होत्या. यावरून साम्य कळतें. दळणवळण सिद्ध होत नाहीं.

तिसरें उदाहरण लेखाचें आहे. स्कॉटलंडांतील हंटरस्टन येथें सांपडलेला ब्रोचही इ. स. ७०० च्या सुमाराचा. त्याच्या पाठीवर रून लिपींत, जुन्या नॉर्स भाषेंत, तो मेलब्रिग्डा याचा असल्याचें कोरलेलें आहे. नांव गेलिक, भाषा नॉर्स, आणि लेख दहाव्या शतकाचा! लेखावरून काल ठरविणारा येथें दोनशें वर्षांहून अधिक चुकेल. परंतु लेख निरुपयोगी नव्हे. वस्तु इतकीं वर्षें जपली गेली व दोन समाज एकमेकांत मिसळले, हें त्यावरूनच कळतें.

सारांश, पहिलें नांव विक्रेत्याचें, दुसरें अभ्यासकाचें, तिसरें मालकाचें. घडविणाराची साक्ष केवळ घडणींत आहे. पोथीवरील मालकीच्या शेऱ्यासही हाच न्याय लागू होतो. शेरा पुसूं नये; पण तो कोणाचा व केव्हांचा हें ठरविल्यावांचून त्यास पोथीचा जन्मकाल समजूं नये.