डोळ्यांचा रोजा

रोजा जसा पोटाचा, तसाच तो जिभेचा, कानांचा आणि डोळ्यांचाही असतो, असे मुस्लिम घरांत मुलांना पहिल्या रोजापासून सांगितले जाते. जिभेचा रोजा चटकन समजतो. शिवी नको, चहाडी नको. डोळ्यांचा रोजा मात्र ‘वाईट पाहू नये’ एवढ्यावरच थांबतो. भडक दृश्य पाहिल्यावर त्यापाठोपाठ येणारे चांगले, गरजेचे दृश्यही दिसायचे राहून जाते, ही त्याची दुसरी बाजू मेंदूच्या अभ्यासातून पुढे आली आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन मोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर निसर्गाची आणि इमारतींची चित्रे झरझर सरकत. प्रत्येक चित्र सेकंदाचा दहावा भाग टिके. त्यांतले एकच आडवे केलेले असे, आणि ते डावीकडे वळले आहे की उजवीकडे, एवढेच सांगायचे होते. मध्येच हिंसेचे वा रक्तपाताचे चित्र येऊन गेले, की २०० मिलिसेकंदांनी येणारे आडवे चित्र अनेकदा निसटे. साध्या चित्रानंतर एवढ्या चुका होत नसत. ८०० मिलिसेकंद उलटले की नजर सावरे. पुढे शृंगारिक चित्रांनीही असेच घडते, हे दिसले. ‘रागाने आंधळा झाला’ असे लोक म्हणतात, ते उगीच नाही.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याचे अमिग्डाला हे नाव ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच आले. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिकेंद्राशी तो जोडलेला आहे. भय किंवा मोह दिसताच ‘आधी हे पाहा’ अशी वर्दी तो देतो. गवतातला साप चटकन दिसतो, त्यात त्याचा वाटा आहे. पण लक्षाची शिदोरी मोजकीच. एकाला जास्त वाढले की दुसऱ्याला कमी पडते.

हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेली एक हदीस या संदर्भात बोलकी आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) नक्षीदार चादर पांघरून नमाज अदा करत असताना त्यांची नजर नक्षीकडे गेली. नमाज संपताच त्यांनी ती चादर अबू जहम यांच्याकडे पाठवली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. मन आवरत बसण्यापेक्षा त्यांनी लक्ष वेधणारी वस्तूच दूर केली.

आज ती नक्षी मोबाइलच्या पडद्यावर आहे. इफ्तारपूर्वी रस्ते गजबजतात, भुकेने चिडचिड वाढलेली असते आणि तेवढ्यात कुणीतरी पाठवलेले हाणामारीचे दृश्य समोर येते. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात एखादे मूल रस्ता ओलांडत असू शकते.

म्हणून गाडीवर बसण्याआधी फोन बंद करून खिशात ठेवावा. भांडण झालेच, तर ‘मी रोजेदार आहे’ असे म्हणून बाजूला व्हावे, ही पैगंबरांची शिकवण आहे. राग निवेपर्यंत किल्लीला हात लावू नये. खजूर दोन मिनिटे उशिरा तोंडात पडला तरी चालेल. वाटेवरचा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सुखरूप घरी पोहोचायला हवा.